तैलचित्राची चिता

सगुणाच्या नवऱ्याचं विलायतेहून आलेलं तैलचित्र सासऱ्यांनी परसातल्या चितेवर आडवं ठेवलं. चित्रात तो डॉक्टरीचा झगा आणि बूट घालून, स्वतः लिहिलेल्या ग्रंथांवर हात ठेवून बसला होता. समुद्र ओलांडला म्हणून मुलगा त्यांच्या लेखी मेला होता, पण जाळायला देह नव्हता.

“मामंजी, ते जिवंत आहेत! परवाच पत्र आलंय!”

“हा बूटवाला माझा कोणी नव्हे.”

बूट पेटले. दिरांनी तिचे हात जात्यावर आपटून बांगड्या फोडल्या. झगा पेटला. जावांनी तिला दाबून धरलं आणि न्हाव्याने वस्तरा चालवला. तिने हिसका दिला तेव्हा कान चिरला. चित्रातला चेहरा शेवटी जळला.

वर्षाने डॉक्टर परतले आणि निमूट प्रायश्चित्ताला बसले. मेलेला माणूस परतला, तर त्याची मुंज पुन्हा, लग्नही पुन्हा, त्याच बायकोशी, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं.

“तासाभराचं तर काम,” डॉक्टर तिला म्हणाले. “केस काय, येतील.”

मंगलाष्टकं सुरू होताच सगुणाने अंतरपाट खाली ओढला. सासऱ्यांनी हात उगारला. तिने तो मनगटाला धरून रोखला.

“आठव्या वर्षी बोहल्यावर मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं,” ती डॉक्टरांना म्हणाली. “आता येतं.”