जुन्या गावचा डबा

लातूरच्या कॉम्प्युटर क्लासात जहांगीर सर नेटवर्क शिकवत होते. "समजा, या खोलीतला कॉम्प्युटर उचलून आपण शेजारच्या खोलीत नेला. आता त्याच्यासाठी आलेला डेटा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणारं हे यंत्र, कुठं पाठवील?"

"शेजारच्या खोलीत," मी म्हणाले.

"न्हाई. जुन्याच खोलीत पाठवत राहील. कॉम्प्युटर नव्या जागेवरून स्वतः बोलला, तरच स्विचला कळतं."

"आणि बोललाच न्हाई तर, सर?"

"थोडा वेळ वाट बघतो. मग विसरून जातो."

ईदला सरांनी आम्हाला गावी बोलावलं. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं गाव, सगळी घरं एकसारखी. आम्हाला वाढायच्या आधी सरांच्या अम्मीनं शीरखुर्म्याचा एक डबा भरून त्यांच्या हातात दिला. सर गाडी काढून पडक्या जुन्या गावाकडं निघाले.

"तिथं आता कोण राहतं?" मी अम्मीला विचारलं.



"माझी लेक अफसाना भूकंपात तिथंच ढिगाऱ्याखाली गेली," त्या म्हणाल्या. "हे नवं घर तिला कुठं ठाऊक हाय?"