तिसरा टाका

चौथ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातला कॅनव्हासचा पडदा मधल्या शिवणीत उघडला आणि समुद्राचा वारा थेट चहाच्या कपापर्यंत आला.

वादळी हवा होतीच. अशा दिवसांत या किनाऱ्याकडे शहाणा माणूस फिरकत नाही, म्हणून तर आठवडाभरासाठी खोली चटकन मिळाली. अख्ख्या लॉजवर पाहुणे हे दोघंच, एक शिंपी आणि त्याची बायको. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. सहा महिन्यांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हात पुढे बराचसा सुधारला. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवा, आता जे काय आहे ते मनात आहे. पण मास्तरने सुई धरली नाही ती नाहीच. उलट, सोमवारी येऊन मशीन घेऊन जा, असं एकाला सांगूनच तो सुट्टीला निघाला होता. तीस वर्षांचं मशीन. बायकोने त्यावर ब्रही काढला नाही, आणि तेच मास्तरला जास्त खुपत होतं.

मालकीणबाई दाभण आणि सुतळी घेऊन आल्या. पोत्याचं तोंड शिवावं तसे त्यांनी पडद्याला चार टाके घातले. वाऱ्याने ते ओढून काढले. त्यांनी पुन्हा घातले. मास्तर तिकडे बघायचं नाही असं ठरवून बसला होता, पण मान काही ऐकत नव्हती.

आधी त्याने दोरा दुपदरी घ्यायला सांगितला. मग गाठ आतून मारायला सांगितली. मग कड दुमडून घ्या म्हणाला. मालकीणबाई सत्तरीच्या, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेल्या. त्यांनी दाभण त्याच्यापुढे ठेवलं आणि गॅसवर दूध आहे म्हणत आत निघून गेल्या.

"दाभणाने का कुठे पडदे शिवतात," मास्तर पुटपुटला. त्याबरोबर बायकोने पर्समधून जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि त्याचं बोटात घालायचं जुनं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. समुद्र बघायला येताना कुणी अंगुस्तान आणतं का, हे विचारायचं तेव्हा त्याला सुचलं नाही.

सुई ओवायलाच पाच मिनिटं गेली. तीनदा ती खाली पडली. बायकोने एकदाही उचलून दिली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली, कारण मोकळे सोडले असते तर ते गप्प बसले नसते. दुकानात काजं-बटणं तिची, उसवायची कामंही तिचीच; सुई पडली की उचलायची, हे अंगवळणी पडलेलं. पहिले पाच-सहा टाके इतके वाकडे आले, की दुसऱ्या कुणाचे असते तर मास्तरने तिथल्या तिथे काढायला लावले असते. त्याच्या कपाळावर घाम आला. मध्येच त्याने सुई कापडात टोचून तशीच सोडली, तेव्हा बायकोला वाटलं, संपलं सगळं. पण त्याने हात झटकला, बोटांवर फुंकर मारली आणि सुई पुन्हा धरली. दहाव्या टाक्यापासून ओळ सरळ जायला लागली. मालकीणबाईंनी दुसरा चहा आणला तोवर वीतभर शिवण झाली होती. वाऱ्याने ती फुगत होती, पण सुटत नव्हती.

पुढची कड दुमडायला घेतली आणि मास्तर थांबला. जुन्या शिवणीतले दोऱ्याचे तुकडे कापडात अडकून राहिले होते. त्याने एक उपसून उजेडात धरला. मग दुसरा. वाऱ्याने तुटलेला दोरा टोकाला पिंजतो. ही टोकं साफ होती, आणि प्रत्येक तुकडा बरोबर तीन टाक्यांचा. दर तिसरा टाका छोट्या कात्रीने कापायचा आणि शिवण हलकेच ओढायची, म्हणजे कापडाला इजा होत नाही. उसवायची ही रीत त्याने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती.

त्याने मान वर केली. चार दिवस समुद्राकडे ढुंकूनही न बघणारी त्याची बायको आता लाटांवरून नजर हलवायला तयार नव्हती. चोराच्या मनात चांदणं.

मास्तरला राग आला. मग त्याने त्या वीतभर शिवणीवरून अंगठा फिरवला, उजव्या हाताचा, आणि राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. हसू दाबायला त्याने अर्धा कप चहा एका घोटात संपवला आणि वारा उद्याही आहे का, असं मालकीणबाईंना विचारलं. रेडिओवर शनिवारपर्यंत सांगितलाय, त्या म्हणाल्या.

"बरं झालं," मास्तर म्हणाला. "त्या पलीकडच्या पडद्याची शिवण उद्या सुटणार असं दिसतंय."

यात बरं काय झालं ते मालकीणबाईंना कळेना. त्या कप गोळा करून आत गेल्या.

मास्तरने नवा दोरा घेतला. या खेपेला सुई दुसऱ्याच प्रयत्नात ओवली गेली. मान खाली घालूनच तो बायकोला म्हणाला, "अगं, तो मशीन न्यायला येणार आहे ना, त्याला सांग, येऊ नको म्हणावं. आणि त्या वाऱ्यालाही सांग, टोकाची चार बोटं सोडून कापत जा. तिथली पक्की टीप उसवायची नसते. तीस वर्षं सांगतोय."

बायकोने मांडीखालचे हात बाहेर काढले.

"सांगते," ती म्हणाली. "दोघांनाही."