पसारा

भिंत ओली निघाली म्हणून रंगारी त्या दिवशी दुपारीच कामावरून परतला. जिना चढतानाच घरातलं हसणं त्याच्या कानावर आलं. लेक माहेरी आली होती. मायलेकी कशावरून तरी पोट धरधरून हसत होत्या. बायको इतकं मोकळं हसते, हे तो पार विसरून गेला होता. दाराबाहेर जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि मग त्याने बेल वाजवली.

आत एकदम चिडीचूप झालं. बायकोने दार उघडलं, आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि पाणी आणायला वळली. लेक जमिनीवरची खेळणी भराभर गोळा करू लागली.

"अगं, असू दे पसारा," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली, थेंबाला शिवलेलो नाही मी."

"माहीत आहे, बाबा," लेक ओशाळली. "हात आपोआप चालतात."

त्याची नजर नातीला शोधू लागली. ती अवघी चार वर्षांची. घरात हिने तरी आपलं ते रूप कधी पाहिलेलं नाही, एवढंच त्याला समाधान होतं.

पलंगाखाली हालचाल झाली, म्हणून तो वाकला. त्याच्याकडे पाठ करून, बाहुलीचं तोंड घट्ट दाबून नात बसली होती.

"अजिबात रडायचं नाही," ती बाहुलीच्या कानात कुजबुजत होती. "आजोबा आलेत."