आरशाएवढी जागा

“त्या वेळी तुमचं लक्ष कुठे होतं?” धनलक्ष्मीने विचारलं.

भीमसेन फाटकाजवळच्या स्टुलावरून उठून उभा राहिला. दीड वर्षापूर्वी, तो चालवत असलेल्या कारखान्याच्या गाडीखाली सापडून गेलेल्या सेतुमाधवरावांची ही मुलगी. कोर्टात तिने एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आज रविवारी, भर उन्हात, सैदापेटहून चालत ती गिंडीच्या या कारखान्यापाशी आली होती. बोलत होती मराठीतच, तमिळ हेल काढून, तंजावरची माणसं बोलतात तसं. भीमसेनही तंजावरचाच. एवढ्या मोठ्या मद्रासेत दोन घरांची ओळख व्हायची, ती अशी झाली होती.

“रस्त्यावर होतं, अम्मा,” तो म्हणाला.

“मग अप्पा कसे दिसले नाहीत? आई महिन्यापूर्वी गेली. शेवटपर्यंत हेच विचारत होती. आता घरात मी एकटी आहे. मज हे कळायला हवं.”

 खटल्याच्या वेळी वकिलाने भीमसेनला सांगितलं होतं, ब्रेक लागला नाही म्हण, सुटशील. पण ब्रेक चांगला होता. “सायकलवाला मला दिसलाच नाही,” एवढंच तो सांगत राहिला. मोटार खात्याचा इन्स्पेक्टर त्याच गाडीत बसून त्या वळणावर जाऊन आला आणि त्याने लिहून दिलं, ड्रायव्हरच्या जागेवरून रस्ता स्वच्छ दिसतो. भीमसेनला सहा महिन्यांची सजा झाली. लायसन गेलं. सुटून आल्यावर मॅनेजरसाहेबांनी त्याला फाटकावर राखणीला बसवलं, हेच खूप झालं.

माणसं त्याच्याशी वाईट वागत नव्हती. फक्त त्याच्याशी बोलताना सगळ्यांना घाई असायची. अपघाताच्या आदल्या वर्षी त्याची बायको सरोजा वारली होती. तिच्याच विचारात असेल बिचारा, असं कारखान्यात म्हणत. खोलीवर एकट्यापुरता भात शिजवताना हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. डोळे उघडे असून समोरचा जिवंत माणूस दिसू नये, याला दुसरं कारण तरी काय असणार?

“मज ठाऊक नाही, अम्मा,” तो शेवटी म्हणाला. “मीही रोज तेच विचारतो.”

तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “ती गाडी अजून आहे का?”

गाडी शेडमध्ये होती. नवा ड्रायव्हर मानाजी ती पुसत होता. साहेबांना कळलं तर, म्हणून तो आधी कां-कूं करू लागला. पण मुलगी कुणाची हे कळल्यावर त्याने मुकाट्याने किल्ली घेतली. गाडीत शिरताना भीमसेनला पार वाकावं लागलं, आणि बसल्यावरही त्याचं डोकं छताला टेकलं. धनलक्ष्मी ते बघत होती.

“ते इन्स्पेक्टर उंचीला केवढे होते?” तिने विचारलं.

“मानाजीएवढे असतील.”

मानाजी तिच्याहूनही बोटभर बुटका होता.

मानाजीने दोघांना अपघाताच्या वळणावर नेलं. सुटून आल्यापासून भीमसेन तिथे गेला नव्हता. कामाला येताना लांबचा रस्ता धरायचा. वळण होतं तसंच होतं. डाव्या हाताला गल्ली आणि गल्लीच्या कडेने छातीएवढी भिंत. त्या सकाळी सेतुमाधवराव या भिंतीपलीकडून सायकलवर आले होते.

“तुम्ही अप्पांच्या जागी जाऊन उभे राहा,” धनलक्ष्मी म्हणाली.

 तो गेला. भिंतीपलीकडे उभा राहिला. मानाजीने गाडी मागे, सरळ रस्त्यावर नेऊन थांबवली आणि तिथूनच ओरडला, “दिसतो की! डोकं, खांदे, सगळं दिसतं!” मग तो उतरला आणि त्याच्या जागी धनलक्ष्मी बसली. तिनेही मान हलवली. तिलाही दिसत होतं.

भीमसेनने खाली पाहिलं. संपलं, त्याला वाटलं.

पण ती उतरली नाही. मागच्या सीटवरची साहेबांची जाड उशी तिने मागून घेतली आणि आपल्याखाली सरकवली. मग मानाजीचं पांघरूण घडी करून त्यावर ठेवलं. भीमसेन लांबून बघत होता. ती वर वर आली, त्याच्यासारखीच पार छताला टेकली. काचेतून तिचे हात दिसत होते, साडीचा पदर दिसत होता. चेहरा मात्र काचेच्या मधोमध लावलेल्या रुंद आरशाच्या काळ्या पाठीआड गेला होता.

“उभे आहात का?” ती ओरडली.

“आहे, अम्मा.”

“कोपऱ्याकडे चार पावलं या.”

तो आला. मानाजीने मागून गाडीही थोडी ढकलली.

“अजून चार.”

तो आणखी पुढे आला, गाडीही आली. आरसा तिच्या चेहऱ्यावरून हलला नाही. कोपरा आता हाताच्या अंतरावर होता.  काय बोलायचं ते तिने एकदा बोलून टाकावं आणि आपल्याला जाऊ द्यावं, एवढंच त्याला वाटत होतं. 

“अण्णा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, “तुम्ही मज दिसत नाही.”