राखण

"कावळ्यांकडे लक्ष ठेवा, मी चिकाचं दुसरं पातेलं बघून येते," म्हणत तिनं नवऱ्याच्या हातात काठी दिली आणि ती गच्चीवरून खाली आली. पोरीला अग्नी देऊन आल्यापासून तो धड जेवत नव्हता, बोलत नव्हता. निदान उन्हात बसेल, म्हणून तिनं यंदाही कुरडयांचा घाट घातला होता. नाहीतर आता त्या खाणार कोण होतं?

ती चीक घोटू लागली. वर कावळ्यांचा कालवा वाढला, पण काठी आपटल्याचा आवाज काही येईना. घोटता घोटता ती एकाएकी थांबली. गच्चीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, आणि आपण ह्यांना तिथं एकटं सोडून आलो.

गॅस तसाच ठेवून ती जिन्याकडे धावली. "अहो, ऐकताय ना?"

वर खुर्ची रिकामी होती, काठी खाली पडली होती. कठड्यापाशी जाऊन खाली बघायची तिची हिंमत होईना. ती तिथंच खाली बसली, आणि मग तो तिला दिसला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी घालून बसलेला, हातात अर्धवट वाळलेली कुरडई, मिशीत कुरडईचे तुकडे.

"कावळ्यानं नेली एक," तो नजर चुकवत म्हणाला. मग हातातली कुरडई तिला दाखवत म्हणाला, "पोरगी अशाच ओल्या पळवायची. मीठ छान पडलंय."

खालून चीक करपल्याचा वास यायला लागला. ती उठली नाही. सरकत त्याच्याजवळ गेली आणि तिनं हात पुढे केला. उरलेली कुरडई तोडून त्यानं मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.