पन्नीवर नसलेला फोटो

"बसा जी काका, तुम्ही बसा," म्हणत कॉलेजातली एक मुलगी उठली आणि तिनं तानबाला जागा दिली.

तानबा नाइलाजाने बसला. पन्नाशीतला धडधाकट शेतकरी, दिवसभर डवरणी करून न थकणारा. पण हल्ली बसमध्ये त्याला कोणी उभंच राहू देत नव्हतं. लोक आधी त्याच्या गालाकडे पाहत, मग नजर वळवत, मग सरकून जागा करत.

हे सगळं केळझरच्या फाट्यावरच्या बोर्डामुळे.

तंबाखूविरोधात काम करणाऱ्या एका संस्थेची अंकिता नावाची मुलगी गावात आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. सिगारेटच्या पाकिटावर, तंबाखूच्या पुडीवर इशाऱ्याचा फोटो छापायचा कायदा आहे. पण आपल्याकडे खपतो तो खर्रा. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटायची, प्लॅस्टिकच्या साध्या पन्नीत बांधायची, झालं. पन्नीवर ना नाव, ना इशारा. मग फोटो छापणार कुठे? म्हणून ठेल्यासमोरच मोठा बोर्ड लावायचा. खऱ्या रोग्याला उभं करणं तिला पटत नव्हतं. गावच्या नाटकात काम करणारा कोणी आहे का, असं तिनं विचारलं, आणि सगळ्यांनी तानबाकडे बोट दाखवलं.

तानबाने जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. पण राजा, दरोडेखोर, म्हातारा सावकार, सगळं रंगवून झालं होतं. वर्ध्याहून आलेल्या रंगभूषाकाराने त्याच्या गालावर अशी जखम काढली की त्याची बायको छाया दोन पावलं मागे सरकली. तानबा खूश. बोर्ड लागला त्या दिवशी त्यानं शेजारी उभं राहून मोबाइलवर फोटोही काढून घेतला.

बोर्डाच्या तळाशी 'छायाचित्रातील व्यक्ती कलाकार आहे' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते वाचायला कोणी थांबलं नाही.

ठेलेवाला रजत त्याला पाहिलं की स्टूल पुढे करी. शेजारच्या पंचफुलाबाई गव्हाची पातळ खीर घेऊन आल्या. "गिळाले सोपी जाईन," म्हणाल्या. खीर फार चांगली झाली होती, म्हणून तानबाने त्यांना खरं सांगितलं ते वाटी रिकामी झाल्यावर.

इथवर गंमत होती. पण तानबाची मुलगी पौर्णिमा सेवाग्रामला नर्स होती आणि तिथंच काम करणाऱ्या आष्टीच्या चंदनशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा तोंडावर आला आणि मध्यस्थ अण्णाजींचा फोन आला.

"पुंडलिकरावनं बोर्ड पाह्यला म्हणते. रविवारी एकटेच येऊन राह्यले. काऊन, ते काई सांगितलं नाई."

पुंडलिकराव म्हणजे चंदनचे वडील, होणारे व्याही. छायाने डोक्याला हात लावला. "फिटली हौस तुमची? पोरीचं लगन मोडलं तं झोपजा त्या बोर्डाखालीच."

पौर्णिमानं चंदनला विचारून पाहिलं. तो फोनवर नुसताच हसला आणि "बाबा येतीन तवा पाहू," म्हणाला. त्या हसण्याचा अर्थ तिला लागेना. म्हणून तानबा आज बसने सेवाग्रामच्या दवाखान्यात चालला होता. तिथं डॉक्टरांनी तोंड तपासलं, सगळं ठणठणीत असल्याचं लिहून दिलं आणि उठताना बोर्ड चांगला झाला असंही सांगितलं.

रविवारी पुंडलिकराव आले. उंच, गंभीर माणूस, खांद्यावर दुपट्टा. छायाने मुद्दामच चहासोबत फुटाणे ठेवले होते. तानबाने मूठभर तोंडात टाकून असे कडाकडा फोडले की आतल्या खोलीत पौर्णिमाला ऐकू गेले. पुंडलिकराव बघत राहिले.

"तोंड उघडा जरा," ते म्हणाले.

तानबाने उघडलं. त्यांनी वाकून डावा गाल पाहिला, उजवा पाहिला. तानबाने डॉक्टरांचा कागद पुढे केला, तर तो त्यांनी घेतलाच नाही.

"चाला, बोर्ड पाहून येऊ."

दोघं फाट्यावर गेले. रजतच्या ठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. पुंडलिकराव बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. जवळ गेले, मग लांबून पाहिलं.

"लोकं काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

तानबाने सगळं सांगितलं. बसमधली जागा, स्टूल, खीर.

"मंग तवाच 'नाई' काऊन नाई म्हटलं?"

"वाटलं, पाहून एखादा तरी पन्नी फेकून देईन. अन खोटं काऊन बोलू, रंग लावून घ्याची हौस बी होती."

"फेकली का कोणं?"

"त्या रजतनंच खर्रा सोडला. इकते, पण आता खात नाई."

पुंडलिकराव पुन्हा बोर्डाकडे वळले. तानबाचा धीर सुटत चालला. त्यानं हात जोडले. "जे असन ते आत्ताच सांगून टाका जी. पण पोरीचा यात काई दोष नाई. चांगली पोरगी हाय माही."

"साखरपुड्याची तारीख नाई हलवत, इवाई," पुंडलिकराव म्हणाले. मग दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. "तुमाले तं खीर तरी भेटली. मागच्या साली आष्टीच्या बोर्डावर मी होतो, अन माह्या घरी लोकं तेरवीची तारीख इचाराले आलते."