स्वतःच्याच हाताखाली

पाणबुडी सुटायला तासच उरला होता. पहिल्यांदा कप्तान होणाऱ्याने आधी यंत्र-कप्तानाच्या, म्हणजे संगणकातल्या कप्तानाच्या, हाताखाली राबायचं, असा नियम होता. सरावखोलीत हेमांगी राबत होती.

"कप्तान, डाव्या झडपेचा दाब..."

"कळलं. पुढे!" पडद्यावरून आवाज आला.

"अहो, दाब उतरतोय!"

"कळलं म्हटलं ना?"

हेमांगीने कानातलं यंत्र उपसून टेबलावर आपटलं. "कोणाचा स्वभाव भरलाय हो यात? हा सगळ्यांना बुडवेल!"

परीक्षक बाबर सर हसले. "तुमचाच. वर्षभराच्या सरावातून उतरवलाय."

तिचे कान तापले. सकाळी तंत्रज्ञ इरफान पाणबुडीच्या दाराजवळ काही सांगत होता, तेव्हा तीही 'कळलं' म्हणून पुढे गेली होती. ती धक्क्याकडे धावत सुटली.

"इरफानभाऊ, सकाळी काय सांगत होतात?"

"जाऊ द्या मॅडम, तुम्हाला कळलंय की."

"काही कळलं नाही. पहिल्यापासून सांगा."

इरफानने दाराच्या रबरी कड्यावरची केसाएवढी चीर दाखवली. हेमांगीच्या ओठांवर तोच शब्द आला. तिने तो गिळला.

कडं बदललं, पाणबुडी वीस मिनिटं उशिरा निघाली. दार लावण्याआधी तिने विचारलं, "अजून काही?"

चौघा खलाशांनी एकदम हात वर केले. हेमांगीला हसू आवरेना.